माया

कारदग्याच्या खालच्या अंगाला, दूधगंगेच्या वळणावर
माझं दुकान. एक मशीन, एक स्टूल, एक पाटी.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
दोन्हींत तेच : फॉल, पिको, ब्लाउज.

त्या साली पाणी शिरलं तेव्हा
मशीन माळ्यावर चढवलं आणि टेप विसरले.
खुंटीवर लोंबत राहिली, खालचं टोक जमिनीला टेकलेलं.
नवव्या दिवशी कुलूप काढलं
तर टेपेवर चिखलाची रेघ : एक्केचाळीस.
गाव म्हणत होतं, कंबरेएवढं आलं, छातीएवढं आलं.
कुणाच्या कंबरेएवढं?
मी कंबरा मोजून पोट भरते,
मला विचारा.

म्हाळू भोयानं मात्र विचारलं.
त्यानंच आदगोंडाच्या गुऱ्हाळातली काहील पाण्यात लोटून
दोन शेळ्या, एक बाळंतीण आणि शाळेची पेटी पैलतीरी नेली होती.
गुळाचा वास येत होता म्हणे
बाळंतिणीच्या लुगड्याला, महिनाभर.

मग घाटाच्या पायरीशी त्यानं लोखंडी पाइप रोवला.
इंच मी रंगवले. आधी पांढरे, मग पिवळे,
छत्तीसपासून लाल.
म्हाळूची हौसव्वा सकाळी शाळेला जाताना आकडा वाचते,
वहीत टिपते.
वरच्या धरणाचा मेसेज मराठीत येतो,
तालुक्याचा कन्नडात,
कधी दोन्ही येतात, पाणी येऊन गेल्यावर.

बस्तीपुढच्या कट्ट्यावर बैठक बसली.
नदीकडंला वीस फूट मोकळं सोडा, मी म्हणाले.
आदगोंडा उखडला :
"ऊस हाय त्यो माझा, तुझ्या गिऱ्हाइकाचं कापड न्हवं."
मी म्हणाले, अण्णा, नातवाची पँट टाकताना
तुम्हीच सांगता ना,
माया ठेव गं जरा, पोरगं वाढतंय?

कुणी हसलं नाही.
वर्षभरानं त्यानं बारा फूट सोडले.
वीस नाही. बारा.
तिथं कळक लावला, वाळा लावला, दोन करंज.
आणि पाणी दरसाल साचतं त्या खोलगटात
तळं खणून म्हाळूला दिलं, निम्म्या वाट्यानं.
उन्हाळ्यात नदीची डबकी होतात
तेव्हा भोयांची पोरं इचलकरंजीला मागावर जायची.
गेल्या साली दोघं गेली नाहीत.
तळ्यात कटला आहे, मरळ आहे.
वांब परतली नाही.
म्हाळू अजून तिच्यासाठी एक गळ वेगळा ठेवतो.

यंदा श्रावणात, रात्री दोनला,
हौसव्वानं परात बडवली.
"नीरु बंतु! पाणी आलं!" एकाच दमात,
आधी कुठली भाषा, तिलाच आठवत नाही.
लाल अजून चार बोटं लांब होतं.
तंबाखूच्या बारदानात रिकाम्या बाटल्या शिवून
मी एकोणीस जाकिटं केली होती,
दिसायला भिकार, टोचणारी.
सगळी लागली.

माझी पडवीकडची भिंत गेली.
आदगोंडाचा अकरा गुंठे ऊस पिवळा पडला.
कळकानं काठ धरला, पण सगळा नाही,
बारातले तीन फूट पाण्याबरोबर गेलेच.
माणूस एकही नाही गेलं.
हे मी हळूच लिहिते,
मोठ्यानं म्हणायला अजून भादवा बाकी आहे.

काल आदगोंडा आला, नातवाची खाकी पँट घेऊन.
घोट्यावर चढली होती.
"उसव," म्हणाला, "माया हाय न्हवं आत?"
मी शिवण उलटी करून दाखवली. दीड बोट.
बाहेर तो बराच वेळ उभा होता, नदीकडं बघत,
ओठ हलत होते, पावलं मोजल्यासारखे.

टेप धुऊन खुंटीला टांगली आहे.
एक्केचाळीसवरचा डाग जात नाही.
ब्लाउजचं माप घेताना बायका विचारतात,
मी सांगते, तिथवर नदीचं माप आहे,
हात वर करा.